हळदीचा डाग आणि कढीपत्त्याची कुंडी

गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. खत घालतो, पाणी घालतो, ऊनही भरपूर आहे, मग पानं पिवळी का पडतात? त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: खत कमी पडत असेल. मग गांडूळखताची पिशवी येते, निंबोळी पेंड येते, कुणीतरी सांगितलेलं 'टॉनिक' येतं. शेवटी कुंडीतल्या रोपापेक्षा कुंडीवरचा खर्च जास्त जोमाने वाढू लागतो.

आमच्या गच्चीवरच्या कढीपत्त्याने मला दोन वर्षं असंच फिरवलं. दर मार्चला तो पिवळा पडायचा. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मी राख घातली. कुणी म्हणालं म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली. जुलै-ऑगस्टमध्ये तो हिरवागार व्हायचा आणि त्याचं श्रेय मी शेवटी घातलेल्या वस्तूला देऊन मोकळा व्हायचो. तिसऱ्या वर्षी निव्वळ आळसाने मी काहीच घातलं नाही. तरीही जुलैत तो हिरवा झालाच. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की औषध आभाळातून येतंय आणि आजार आपण रोज झारीने घालतोय.

ही शंका खरी होती. ती कशी खरी ठरते हे समजायला एक शब्द नीट कळावा लागतो: सामू. शाळेत 'पीएच' म्हणून तो शिकवतात, परीक्षेपुरता पाठ होतो आणि मग विसरतो.

१. आधी बघा, पिवळं पान कुठलं आहे?

सगळी पिवळी पानं एका कारणाची नसतात. खालची, जुनी पानं पिवळी पडत असतील आणि शेंडा हिरवा असेल, तर बहुधा नत्र कमी आहे. नत्र झाडात हलतं. टंचाई आली की थोरली पानं आपल्याजवळचं नत्र धाकट्यांना देऊन टाकतात आणि स्वतः पिवळी होतात. इथे खत घालणं बरोबर.

उलट शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी किंवा हस्तिदंती असतील, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या उठून दिसत असतील आणि खालची जुनी पानं ठणठणीत असतील, तर संशय लोहाच्या कमतरतेचा. लोह एकदा पानात बसलं की तिथून उठत नाही. त्यामुळे पुरवठा थांबला की नव्या पालवीची उपासमार होते आणि जुनी पानं खाऊनपिऊन सुखी राहतात. उसावर, भुईमुगावर असा पिवळेपणा आला की शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. केवड्याच्या पानासारखा तो फिकट रंग बघितला की हा शब्द किती नेमका आहे ते कळतं.

माझ्या कढीपत्त्यावर केवडाच पडला होता. आता गंमत बघा. दख्खनच्या पठारावरची माती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या कातळाची झीज होऊन झालेली. त्या कातळात लोह भरपूर असतं. मग लोहाने भरलेल्या मातीत उभ्या असलेल्या झाडाला लोह का मिळू नये?

२. सामू म्हणजे काय?

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडला की पिवळा डाग पडतो. तो साबणाने चोळला की पिवळ्याचा लाल होतो. चुना लागला तरी हळद लाल होते. हळदीतलं रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि क्षारधर्मी पदार्थाशी गाठ पडली की लालसर होतं. म्हणजे तुमच्या फोडणीच्या डब्यात एक दर्शक आधीपासून आहे. दारातली गोकर्णही तशीच. तिच्या निळ्या फुलांच्या काढ्यात लिंबू पिळलं तर तो जांभळा होतो, खायचा सोडा घातला तर हिरवट होतो.

पण 'आंबट' आणि 'खारट-तुरट' एवढ्यावर शास्त्राचं भागत नाही. किती आंबट, हे आकड्यात सांगायला हवं. ही सोय केली डेन्मार्कच्या सोरेन सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने, १९०९ मध्ये. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होता. होय, बिअरवालं कार्ल्सबर्ग. विकरं, म्हणजे जिवंत पेशींतली रसायनं जुळवणारे आणि तोडणारे कामगार, आम्लता जराशी बदलली की कामात कुचराई करतात, हे तो अभ्यासत होता. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की दशांशचिन्हानंतर शून्यांची माळच लिहावी लागते. सोरेनसेनने ती शून्यं मोजून एक छोटा आकडा केला, तोच सामू. ७ म्हणजे मध्यममार्गी. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क, म्हणजे क्षारधर्मी. लिंबाचा रस २ ते २.५, दूध ६.६ च्या आसपास, आपलं रक्त ७.४, चुन्याची निवळी १२ च्या वर.

या पट्टीची एक खोड लक्षात ठेवा. इथली एकेक पायरी दहापट असते. सामू ६ च्या पाण्यापेक्षा ५ चं पाणी दहापट आम्ल आणि ४ चं शंभरपट. एक उदाहरण घेऊ. शुद्ध पाण्यात तीव्र आम्लाचे थेंब टाकून एक लिटर ४ सामूचं आणि एक लिटर ६ सामूचं पाणी केलं. दोन्ही मिसळली तर ५ यावेत असं वाटतं. येतात ४.३. कारण एका भांड्यात हायड्रोजनचे १०० आयन धरले तर दुसऱ्यात एकच आहे. दोन भांड्यांची सरासरी ५०, म्हणजे शंभराच्या जवळपासच. म्हणून मातीच्या अहवालात ७.५ आणि ८.५ हे आकडे शेजारी-शेजारी दिसले तरी एकमेकांपासून ते बरेच लांब असतात.

३. दुकानात गहू आहे, शटर बंद आहे

झाडाला मातीतलं अन्न चावून खाता येत नाही. पाण्यात विरघळलं तरच ते मुळांतून आत येतं. कुठला घटक किती विरघळेल हे बऱ्याच अंशी सामू ठरवतो. लोहाचं तर असं आहे की सामू एका अंकाने वर गेला की त्याची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते. रेशनच्या दुकानात पोती थप्पीने लागलेली असावीत आणि शटर खाली ओढलेलं असावं, तशी लोहाची अवस्था होते. जस्त आणि मंगल (मँगनीज) यांचंही तेच, थोडं कमी. स्फुरदाची कुचंबणा दोन्हीकडे होते: सामू वर गेला की त्याला कॅल्शियम पकडून ठेवतं, फार खाली आला की लोह आणि ॲल्युमिनियम. सामू ५.५ च्याही खाली गेला तर हेच ॲल्युमिनियम विरघळून मुळांना बाधू लागतं. म्हणून बहुतेक भाज्या-फुलांना ६ ते ७ हा टापू मानवतो. तिथे जवळजवळ सगळी शटरं अर्धी तरी वर असतात.

आता महाराष्ट्राच्या नकाशावर बोट फिरवू. देशावरच्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. चुनखडीच्या जमिनीत तो तिथेच खिळून बसतो. घाट उतरून कोकणात गेलात की जांभ्याची लाल माती लागते. प्रचंड पावसाने तिच्यातलं कॅल्शियम धुऊन नेलेलं असतं, म्हणून ती आम्ल असते. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. पालापाचोळा, गोवऱ्या, फांद्या वाफ्यावर पसरून पेटवतात. त्यातून तण जळतं, राखेतलं पालाश मिळतं आणि राख चांगलीच क्षारधर्मी असल्याने आम्ल मातीचा आंबटपणाही कमी होतो. काकूंचं माहेर संगमेश्वरकडचं. त्यांचा राखेचा सल्ला तिथल्या मातीसाठी अगदी बरोबर होता. मी तो ८ सामूच्या कुंडीत वापरला. अंड्याच्या टरफलांबद्दल न बोललेलं बरं. ती चुनखडीच आहे.

४. झारीतून येणारा चुना

पण माझी कुंडी निव्वळ काळ्या मातीने भरलेली नव्हती. नर्सरीतून आणलेल्या लाल मातीत कोकोपीट आणि खत मिसळून मी ती भरली होती. सुरुवातीला तिचा सामू साडेसहाच्या आसपास असणार. मग तो वर कुणी नेला?

बोअरच्या पाण्याने. इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक करावा लागतो, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. पाण्याचा सामू वेगळा आणि पाण्याची अल्कता वेगळी. कपातला चहा उकळता आहे आणि बंबातलं पाणी नुसतं कोमट. जास्त तापमान कपाचं. पण दोन्ही घंगाळभर गार पाण्यात ओतून बघा. कपभर चहाने घंगाळ ढिम्म हलत नाही, बंबाच्या पाण्याने त्याचा नूरच बदलतो. सामू म्हणजे ते तापमान. अल्कता म्हणजे पोटात साठवलेली एकूण उष्णता. बोअरच्या पाण्याचा सामू जेमतेम ७.८ असेल, पण त्यात विरघळलेली बायकार्बोनेटं मातीतलं आम्ल रोज थोडं थोडं मारत राहतात. याउलट स्वच्छ पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ५.६ च्या आसपास असतं. त्याच्या पोटात क्षार जवळजवळ नसतात. म्हणून ते कुंडीत चुना टाकत नाही, साठलेले क्षार मात्र धुऊन नेतं.

हिशेब करू. समजा पाण्याची अल्कता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या वजनात मोजतात. कुंडीला रोज एक लिटर पाणी. ऑक्टोबर ते मे धरा २४० दिवस. ३०० गुणिले २४०, म्हणजे ७२,००० मिलिग्रॅम, म्हणजे ७२ ग्रॅम. थोडं तळातून वाहून जातं हे खरं. तरी एवढी चुनखडी आपण दरसाल एका कुंडीत आपल्या हाताने ओततो आणि मग नर्सरीवाल्याला दोष देतो. कुंडीच्या काठावर आणि बाहेरच्या अंगाला धरणारा पांढरा थर म्हणजे याच पाण्याने सोडलेले क्षार.

यात गंमत अशी की हे पाणी प्यायला चालतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अल्कतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. आपल्या पोटात जठराचं आम्ल आहे. कुंडीला पोट नाही.

काटकसर अंगावर कशी येते त्याचं एक उदाहरण सांगतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी कुंड्यांना घालतात. यंत्रात तीन लिटर पाणी गेलं, एक लिटर पिण्याचं निघालं आणि दोन लिटर बाहेर पडलं असं समजा. तीन लिटरचे जवळजवळ सगळे क्षार त्या दोन लिटरमध्ये, म्हणजे दीडपट तीव्र. वरच्या हिशेबातले ७२ ग्रॅम आता १०८ होतात. हे पाणी फरशी पुसायला वापरा.

५. स्वस्तात मोजायचं कसं?

पाण्याचा अंदाज स्वयंपाकघरात येतो. साबणाला फेस येत नसेल, तूरडाळ शिजायला वेळ घेत असेल, पाणी तापवायच्या भांड्यात पांढरी खपली धरत असेल, तर पाणी जड आहे आणि आपल्याकडे बोअरचं जड पाणी बहुधा अल्कतेनेही जडच असतं. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळा पाणी तपासून देतात. अहवालात 'एकूण अल्कता' ही ओळ शोधा.

मातीसाठी सामूच्या कागदाची पुस्तिका पुरते. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात ती मिळते. कुंडीच्या वरच्या थराची माती नको. दोन-तीन इंच खालची, दोन-तीन जागांची घ्या आणि सावलीत सुकवा. २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही, नाहीतर तुम्ही मातीऐवजी पाणीच मोजाल. अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या निवळीत कागद बुडवा. गढूळ पाण्यात रंग फसवतो. एवढं करूनही कागद अर्ध्या अंकाची चूक करतो. कुंडीसाठी तेवढी चालते.

मग हळद आणि गोकर्ण? समजून घ्यायला छान, मोजायला निरुपयोगी. आपल्याला ६ आणि ७ मधला फरक हवा आहे आणि त्या टापूत हळद पिवळीच राहते, गोकर्ण निळीच.

काहीशे रुपयांत पेनासारखं डिजिटल मीटरही मिळतं. ते वाईट नाही, फक्त त्याला सांभाळावं लागतं. सोबत बहुधा ४.०१ आणि ६.८६ लिहिलेल्या दोन पुड्या येतात. त्यांच्या द्रावणात मीटर दर काही आठवड्यांनी जुळवून घ्यायचं, आणि टोकाचा काचेचा फुगा कोरडा पडू द्यायचा नाही. तो कोरडा पडला की मीटर आत्मविश्वासाने खोटं बोलतं. मातीत खुपसायची, बॅटरी नसलेली धातूची दांडी मात्र घेऊ नका. माझ्याकडच्या दांडीने कढीपत्त्याच्या मातीत आणि चुन्याच्या निवळीत एकच आकडा दाखवला.

मीटरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. आजच्या सामूमापकाचा पूर्वज जन्मला तो लिंबांमुळे. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय फळांच्या बागायतदार संघासाठी काम करणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाला रसाची आम्लता मोजायची होती. रसात टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घातलेला असल्याने लिटमसचा रंगच उडून जायचा. त्याने आपला कॉलेजातला मित्र अरनॉल्ड बेकमन याला गळ घातली आणि बेकमनने काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबचा वर्धक जोडून यंत्र बनवलं.

६. सामू उतरवायचा कसा?

आधी न चालणारे उपाय. कुंडीत लिंबू पिळणं, व्हिनेगर ओतणं, ताक घालणं. यांची आम्लं सेंद्रिय असतात. चार-आठ दिवसांत मातीतले जिवाणू ती खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट जिथल्या तिथे परत येतं. वापरलेल्या चहाच्या चोथ्याने माती आंबट होते हाही समजच. खत म्हणून तो ठीक आहे, साखर धुऊन टाका, नाहीतर मुंग्या येतील.

मातीत चुनखडी आहे का ते बघायला चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर आहे. अशा मातीशी भांडण आपल्या खिशाला परवडत नाही. १०० ग्रॅम चुनखडी संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. दहा किलो मातीत ५ टक्के चुनखडी, म्हणजे ५०० ग्रॅम असेल, तर १६० ग्रॅम गंधक नुसती ती चुनखडी खाण्यातच जाईल, आणि तोवर सामू हलणारही नाही. ती माती काढून टाकणं स्वस्त. नवी भरताना धुतलेलं कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, थोडं गांडूळखत आणि थोडी लाल माती. पाचोळा फुकट असतो, सोसायटीचा झाडूवाला रोज गोळा करतो. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून गच्चीबागवाल्यांना या पाचोळ्याची किंमत शिकवली. बुरशी-जिवाणूंनी कुजवलेला पाचोळा सामूचे हेलकावेही झेलतो.

फसफस झाली नाही तर गंधक उपयोगी. कृषी सेवा केंद्रात पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक बुरशीनाशक म्हणून मिळतं. बारा इंची कुंडीला चहाचा सपाट एक चमचा, मातीत कालवून. गंधक स्वतः आम्ल नाही. मातीतले ठरावीक जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि त्याला ओल, ऊब आणि आठवडे लागतात. दोन-तीन महिने थांबा, पुन्हा मोजा, मगच पुढचा चमचा. घाईने रोज एक चमचा घालणाऱ्यांची रोपं मी पाहिली आहेत. त्यांची मुळं जळतात.

तोवर झाडाला तग धरायला हवा. त्यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व. संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठवड्याच्या अंतराने दोनदा. मातीत ओतलेलं हिराकस चढ्या सामूत लगेच गंजासारखं अडकून बसतं. पानावाटे दिलं की शटरचा प्रश्नच येत नाही. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. दुकानदार 'चिलेटेड लोह' देईल तेव्हा पाकिटावर ईडीटीए लिहिलंय की ईडीडीएचए ते वाचा. पहिलं साडेसहाच्या वर मातीत फार टिकत नाही, दुसरं टिकतं आणि त्यामुळेच महाग असतं.

खरा उपाय मात्र पाण्याचाच. एसीच्या नळीतून पडणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत ते बादलीभर सहज जमतं. बोअरच्या पाण्यात ते निम्मं मिसळलं की ३०० ची अल्कता १५० वर येते. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा, पहिल्या एक-दोन सरींचं धुळीचं पाणी सोडून द्या. महापालिकेचं धरणाचं पाणी येत असेल तर ते आधी कुंड्यांना आणि बोअरचं गाडी धुवायला. आमच्या सोसायटीत अनेक वर्षं नेमकं उलटं चाललं होतं. नत्र द्यायचंच असेल तर युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, लिटरला २ ग्रॅम, महिन्यातून एकदा. त्यातल्या अमोनियमचं रूपांतर होताना मातीत आम्ल तयार होतं. एका खर्चात दोन कामं होतात.

७. सगळ्यांना एकच औषध नको

प्रत्येक झाडाला साडेसहाच हवा असं नाही. अनंत फार नखरेल. ६ च्या वर गेलात की रुसतो. मोगरा, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद यांच्यावर चढ्या सामूत केवडा लवकर पडतो. अंजीर आणि डाळिंब चुनखडीची माती बऱ्यापैकी सोसतात. मोजकं चांगलं पाणी असेल तर ते नखरेल कुंड्यांना द्यावं आणि सोशिकांना बोअरवर सोडावं. घरात साजूक तूप थोडंच असलं की कुणाच्या पानात वाढायचं हे आजीला बरोबर ठाऊक असायचं, तसं.

आमचा कढीपत्ता आता बेडरूमच्या एसीच्या नळीखाली बसतो. गेल्या मेच्या अखेरीस त्याची माती ६.५ भरली, तो कागदाचा तुकडा तारीख घालून कुंडीला चिकटवला आहे. शेजारच्या पिंपातलं अंजीर मात्र बोअरच्याच पाण्यावर आहे, ८ सामूच्या मातीत, आणि यंदा त्याला एकवीस फळं लागली. त्यातली चौदा पोपटांनी नेली.